४४७ कोळंब्या : संथ लेव्हलिंगमध्ये टिकून कसं राहायचं

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा मुंबईहून मालवणला आला, माझ्या फोनवर ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ बघितला आणि त्याच संध्याकाळी स्वतःच्या फोनवर घेतला. पहिले दोन दिवस त्याला जेवायला चार-चार हाका माराव्या लागत होत्या. आठव्या दिवशी गेम फोनवरून काढून टाकलेला. विचारलं तर म्हणाला, "मामा, किती वेळ एकाच जागी उभं राहून कोळंबीच पकडायची? लेव्हल चढतच नाही."

मी त्याला "जरा धीर धर" एवढंच म्हटलं. चुकलंच माझं. ज्याच्याकडे धीर असतो त्याला हा सल्ला लागत नाही, आणि ज्याच्याकडे नसतो त्याला तो कुठून आणायचा हे कळत नाही. नंतर बसून विचार केला की २०१९ च्या पावसाळ्यापासून मी हा खेळ खेळतोय, तर मी नक्की कशाच्या जोरावर टिकलो? त्याचं उत्तर म्हणजे हा लेख. लेव्हल किती हळू चढणार ते खेळ बनवणाऱ्यांनी ठरवून ठेवलंय. आज काय मोजायचं आणि किती मोजायचं, ते मात्र आपण ठरवतो. टिकून राहण्याचं बहुतेक तंत्र या मोजण्यात आहे.

उदाहरणं मी याच खेळातली देतोय, कारण मला तो आतून माहीत आहे. मूळ रूनस्केप २००१ चा. त्याची २००७ मधली जुनी आवृत्ती २०१३ मध्ये वेगळा खेळ म्हणून परत आली आणि ऑक्टोबर २०१८ पासून ती फोनवरही चालते. फुकटात भरपूर खेळता येतो. तुम्ही दुसरा कुठलाही संथ आरपीजी, म्हणजे आपलं पात्र हळूहळू वाढवत न्यायचा खेळ, खेळत असाल तरी पायऱ्या याच, फक्त आकडे तुमच्या खेळाचे घाला.

पहिली पायरी : आकड्यांची भीती घालवा

नवा माणूस एक्सपीचा, म्हणजे प्रत्येक कामाला मिळणाऱ्या अनुभवाच्या गुणांचा, तक्ता बघतो आणि तिथेच खचतो. लेव्हल १ वरून २ वर जायला ८३ एक्सपी लागतो. लेव्हल ५० ला एकूण १,०१,३३३ लागतो. शेवटच्या ९९ ला १,३०,३४,४३१. साधारण दर ७ लेव्हलमागे एकूण आकडा दुप्पट होत जातो, त्यामुळे ९२ वर पोचलेला खेळाडू प्रत्यक्षात निम्म्याच वाटेवर असतो. त्याच्या खात्यात तेव्हा ६५,१७,२५३ एक्सपी असतो.

हा तक्ता खरा आहे, पण तुम्ही रोज एक्सपी पकडत नाही, मासे पकडता. म्हणून हिशोब माशांत करून बघा.

सुरुवातीला छोट्या जाळ्याने कोळंबी मिळते, एका कोळंबीला १० एक्सपी. लेव्हल २० ला ४,४७० एक्सपी लागतो. म्हणजे नुसत्या कोळंबीवर गेलात तर ४४७ कोळंब्या. लेव्हल २० ला नदीवर गळ आणि पिसं घेऊन ट्राउट पकडता येतो, त्याला ५० एक्सपी. २० वरून ३० वर जायला ८,८९३ एक्सपी हवा, म्हणजे १७८ ट्राउट. नीट बघा, एक्सपी जवळपास दुप्पट लागला, पण मासे निम्म्याहून कमी लागले! लेव्हल ४० ला पिंजरा टाकून लॉबस्टर, आपल्या भाषेत शेवंड, ९० एक्सपीचा. ४० ते ५० या टप्प्याला ७१३ शेवंडं. इथून पुढे मात्र आकडे खरंच मोठे होतात. ९२ ते ९९ हे अंतर ११० एक्सपीच्या शार्कवर, म्हणजे मोरीवर काढायचं तर ५९ हजारांवर मोऱ्या लागतात, आणि त्या पैसे भरून सभासद झालेल्यांनाच पकडता येतात. पण नव्या माणसाला त्याची चिंता आज करायचं कारणच नाही.

भाचा सोडून गेला तेव्हा त्याचं फिशिंग १७ वर होतं. आठ दिवसांत त्याने बारा ठिकाणी हात घातला होता, त्यामुळे कशातच पुढे गेला नव्हता. नदी त्याच्यापासून तीन लेव्हलवर होती, १,३५५ एक्सपी. सगळ्या कोळंब्याच मिळाल्या असं धरलं तरी १३६. प्रत्यक्षात १५ नंतर त्याच जाळ्यात ४० एक्सपीचे अँचोव्ही नावाचे छोटे मासे पण येतात, म्हणजे त्याहूनही कमी. पण त्याच्या डोळ्यासमोर ९९ होतं. नदी किती जवळ आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात मीही आलो.

तर पहिलं काम कागदावरचं. जे स्किल वाढवायचंय त्यात नवीन अवजार किंवा नवीन जागा कुठल्या लेव्हलला मिळते ते शोधा आणि फक्त पुढचे तीन आकडे लिहा. फिशिंगला २०, ४०, ५०. लाकूडतोडीला १५ ला ओक, ३० ला विलो, ६० ला यू. खाणकामाला १५ ला लोखंड, ३० ला कोळसा. ९९ कागदावर लिहू नका. तो आकडा आपोआप दिसायला लागतो तेव्हा बघू.

दुसरी पायरी : आपण कशासाठी आलोय ते ओळखा

१९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मिळून मड नावाचा खेळ उभा केला. नुसत्या शब्दांचा, चित्रं नाहीत, पण अनेकांनी एकाच जगात एकत्र खेळायचा. आजचे सगळे ऑनलाइन आरपीजी त्याच कुळातले. त्याच बार्टलने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला आणि असे खेळ खेळणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले. काहींना मिळवायचं असतं, काहींना जग धुंडाळायचं असतं, काही माणसांसाठी येतात आणि काहींना दुसऱ्या खेळाडूंशी भिडायचं असतं.

स्वतःला एका खणात कोंबायची गरज नाही, पण कल कुठे आहे ते बघा. मागच्या आठवड्यात खेळताना कुठला क्षण सगळ्यात जास्त आवडला, एवढंच आठवा. माझ्या भाच्याला विचारलं तर तो लेव्हलचं काही बोललाच नाही. खेळातल्या लंब्रिज गावाच्या दक्षिणेच्या दलदलीत तो वाट चुकला होता, ते त्याने मला दहा मिनिटं रंगवून सांगितलं. हा धुंडाळणारा गडी! त्याला एका जागी बसवून जाळं हातात दिलं तर तो पळणारच. अशा माणसाने क्वेस्ट धराव्यात. क्वेस्ट म्हणजे गोष्टीसकट दिलेलं काम. 'कुक्स असिस्टंट'मध्ये आचाऱ्याला अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं, त्याचे ३०० एक्सपी स्वयंपाकात मिळतात. 'नाइट्स स्वोर्ड' जरा अवघड आहे, खाणकाम १० वर लागतं, वाटेत बर्फाच्या गुहेत जीव सांभाळावा लागतो. पण एकाच क्वेस्टचे १२,७२५ एक्सपी स्मिथिंगमध्ये, म्हणजे लोहारकामात, मिळतात आणि माणूस १ वरून थेट २९ वर जातो. हातोडा मारत तिथवर जायला किती वेळ लागतो ते ज्याने केलंय त्याला विचारा.

मिळवणाऱ्याने एक मोठं दार डोळ्यासमोर ठेवावं. फुकट खेळणाऱ्यांसाठी ते दार म्हणजे 'ड्रॅगन स्लेयर'. त्याला ३२ क्वेस्ट पॉइंट, म्हणजे पूर्ण केलेल्या क्वेस्टचे गुण, लागतात आणि तो पार केला की रून धातूचं चिलखत अंगावर चढवता येतं. माणसांसाठी आलेल्याने पहिल्याच आठवड्यात क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट, शोधावा, एकट्याने लेव्हल चढवत बसू नये. भिडणाऱ्याला मी फार काही सांगू शकत नाही, तो माझा पिंड नाही.

तिसरी पायरी : एक फेरी म्हणजे एक माप

आता सगळ्यात महत्त्वाचं. यावर जरा थांबतो.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, समुद्र खवळलेला, आणि आमचे मोठे काका पडवीत जाळं घेऊन बसलेले. जाळं पसरलं की पडवी पुरत नाही, अर्धं खळ्याच्या कडेला जातं. लहानपणी मी विचारलं होतं, काका, एवढं सगळं कधी शिवून होणार? काका शिवायला बसण्याआधी एक गोष्ट करायचे. जाळ्याचा हातभर भाग मोजायचे आणि तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायचे. आज त्या गाठीपर्यंत. मग मान खाली. गाठ आली की सुई खोचून उठायचे, मग दुपारचे तीन वाजलेले असोत की पाच. मला म्हणाले होते, "आख्ख्या जाळ्याकडे बघशीत तर बसल्या जाग्यार दमशीत."

खेळात ही गाठ तयारच दिलेली आहे. तुमच्या पिशवीला, म्हणजे इन्व्हेंटरीला, २८ खण असतात. नदीवर जाताना एका खणात गळ, एका खणात पिसं. उरले २६. २६ मासे झाले की पिशवी भरली, फेरी संपली. २६ ट्राउट म्हणजे १,३०० एक्सपी. वर आपण २० ते ३० साठी १७८ मासे काढले होते. ते झाले सात फेऱ्या. फक्त सात! "मला ८,८९३ एक्सपी हवाय" आणि "माझ्या सात फेऱ्या राहिल्यात" ही दोन वाक्यं स्वतःशी म्हणून बघा, कुठल्या वाक्याने हात उचलला जातो ते लगेच कळेल.

खेळायला बसण्याआधी फेऱ्या ठरवा. कामाच्या दिवशी एक, सुट्टीच्या दिवशी तीन. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने उभी रेघ मारतो, एक फेरी एक रेघ. आमच्या घरी त्या कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशोब असतो, गॅस कधी लावला ते असतं, त्यातच माझ्या रेघा. महिना संपला की पान उलटण्याआधी बघायचं. लेव्हल एकच चढलेली असते, पण रेघा बावीस असतात, आणि त्या माझ्या असतात.

पिसांसाठी दुकानात जायलाच हवं असं नाही. लंब्रिजजवळच्या खुराड्यात कोंबड्या मारल्या की पिसं मिळतात आणि लढाईचा एक्सपीही. म्हणजे एका कामात दोन स्किल वाढतात.

चौथी पायरी : लेव्हल चढली की लगेच उठू नका

आपल्याला वाटतं, लेव्हल चढली, आतषबाजी झाली, आता फोन ठेवावा. मी दोन वर्षं तसंच करायचो. दुसऱ्या दिवशी परत उघडायला मात्र जीवावर यायचं, कारण पट्टी पुन्हा शून्यावर.

अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉफीच्या दुकानात गिऱ्हाइकांना शिक्क्यांची कार्डं दिली. काहींना १० शिक्क्यांचं कोरं कार्ड, काहींना १२ शिक्क्यांचं पण त्यावर २ शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही कॉफी १० वेळाच घ्यायची होती. तरी ज्यांच्या कार्डावर दोन शिक्के आधीच होते त्यांनी कार्ड लवकर भरलं. शेवट जसा जवळ येतो तसा माणूस भरभर पावलं टाकतो आणि सुरुवात झालेली दिसली की पुढे जायला तयार होतो.

खेळात हे असं वापरा. लेव्हल चढली की त्याच बैठकीत पुढच्या लेव्हलची निदान अर्धी फेरी करा आणि मग बंद करा. उद्या उघडाल तेव्हा कार्डावर दोन शिक्के असतील. स्किलच्या चिन्हावर गेलात की पुढच्या लेव्हलला किती एक्सपी उरलाय ते दिसतं. तो आकडा बंद करताना एकदा बघून ठेवा.

पाचवी पायरी : उधाणाची कामं वेगळी, भांगाची वेगळी

किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. अमावस्या-पौर्णिमेला उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. मासे मारणारा दोन्ही दिवस काम करतो, पण एकच काम करत नाही. आपल्या अंगातल्या उत्साहाचंही असंच धरा.

दोन याद्या करा. उधाणाच्या यादीत डोकं लागणारी कामं: नवी क्वेस्ट, नवा राक्षस, नकाशावर न पाहिलेला कोपरा. भांगाच्या यादीत बसल्या बसल्या होणारी: फिशिंग, लाकूडतोड, पकडलेलं शिजवणं. दमून घरी आल्यावर क्वेस्ट उघडली तर अर्ध्यात चिडचिड होते आणि दोष खेळाला जातो. उलट रविवारी सकाळी ताज्या डोक्याने नुसते मासे पकडत बसलात तर कंटाळा येणारच.

कोकणात या यादीला पावसाचंही कलम जोडायला लागतं. जूनपासून लाइट जाणार, टॉवर बसणार, रेंज एक कांडी. असल्या दिवशी लढाईला जाऊ नका. मी एकदा आषाढातल्या रात्री लढाईच्या मध्यावर होतो आणि रेंज गेली. जोडणी तुटली तरी लढाईतलं पात्र लगेच बाहेर पडत नाही, थोडा वेळ तिथेच मार खात उभं राहतं. रेंज आली तेव्हा मी मेलेलो होतो आणि सामान परत आणायला जाईपर्यंत लाइट गेले. तीन आठवडे मग गेम उघडला नाही. प्रेरणा कंटाळ्याने जाते त्याहून लवकर अशा एका फटक्याने जाते. म्हणून सांगतो, पावसात मासे पकडा. या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे फिशिंगला नेट मंद असलं तरी चालून जातं. तुटलं तरी मासा जातो, जीव जात नाही.

सहावी पायरी : सगळ्यात वेगवान पद्धत सोडून द्या

लेव्हलिंगचे सल्ले देणारे सांगतात, पकडलेले मासे तिथेच टाका, बँकेत, म्हणजे खेळातल्या सामान साठवायच्या जागी, नेऊ नका, त्याने तासाचा एक्सपी वाढतो. गणित बरोबर आहे. मला ते जमलेलं नाही. पकडलेला मासा जमिनीवर टाकायचा, तोही एकामागून एक सव्वीस! ज्या घरात बांगड्याचं डोकंसुद्धा वाया जात नाही त्या घरातल्या माणसाचं बोट तिथे अडतं.

मग मी मासे ठेवायला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. ट्राउट पकडायला ५० एक्सपी मिळतो, पण तोच शिजवला तर स्वयंपाकात ७०. शेवंड पकडायला ९०, शिजवायला १२०. करपले तर नाही मिळत, आणि सुरुवातीला भरपूर करपतात. पण नदीवरून आलं की चूल, चुलीवरून बँक, आणि लढाईला जाताना तेच शिजवलेलं खाऊन जीव भरायचा. फिशिंगची लेव्हल थोडी हळू चढली, पण मी पकडलेल्या प्रत्येक माशाचं काहीतरी झालं.

नव्या माणसाला माझं हे ठाम सांगणं आहे. तासाला किती एक्सपी मिळतो हा आकडा पहिले सहा महिने बघूच नका. जी पद्धत तुम्ही उद्या परत कराल ती चांगली, मग ती कितीही मंद असो. सगळ्यात वेगवान पद्धत चार दिवस करून खेळ सोडलात तर तो वेग काय कामाचा?

सातवी पायरी : विश्रांतीला खेळाचा भाग करा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला. त्याच्या चाचणीच्या काळात असं होतं की जास्त वेळ सलग खेळलं की मिळणारा एक्सपी कमी व्हायचा. खेळाडू वैतागले. मग बनवणाऱ्यांनी मांडणी उलटी केली. खेळाडू सराईत किंवा शहरात जाऊन बाहेर पडला की विश्रांती साठत जाते आणि परत आल्यावर राक्षस मारण्याचा एक्सपी काही काळ दुप्पट मिळतो. विश्रांती घेणाऱ्याला बक्षीस आहे म्हटल्यावर तक्रार राहिली नाही. ती पद्धत आजही त्या खेळात आहे.

रूनस्केपमध्ये असं बक्षीस नाही, म्हणून ते आपण स्वतःला द्यायचं. मी आठवड्यात दोन दिवस खेळत नाही. गणपतीत तर दीड-पाच-सात जितके दिवस घरात असतील तितके दिवस गेम बंद. परत आल्यावर पहिली फेरी मी नव्या जागी करतो, हे माझं बक्षीस.

आणि हेही स्पष्ट लिहितो. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीत गेमिंगच्या विकाराची नोंद केली आहे, जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ जाणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालू ठेवणं, ही त्याची लक्षणं सांगितली आहेत. तुम्हाला फेरी संपल्यावर उठता येत नसेल, झोप आणि अभ्यास जात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. घरातल्या मोठ्या माणसाशी आणि गरज पडली तर डॉक्टरांशी बोला.

आठवी पायरी : दुसऱ्याच्या लेव्हलशी आपली लेव्हल लावू नका

नदीवर शेजारी ९९ वाला येऊन उभा राहतो, अंगावर त्या स्किलची शाल. त्याच्याकडे बघून खचायचं नाही, त्याला विचारायचं. मला बार्बेरियन व्हिलेजच्या नदीकाठी अशाच एकाने सांगितलं होतं की सगळ्यात जवळची बँक एजव्हिलला आहे. मी तोपर्यंत भलत्याच बँकेला हेलपाटे घालत होतो.

कंटाळा आला की दोन मोह होतात. एक, आपोआप क्लिक करणारं सॉफ्टवेअर लावायचं. दोन, बाहेरच्या कुणाकडून खेळातली नाणी किंवा तयार अकाउंट विकत घ्यायचं. दोन्ही नियमाबाहेर आहेत, अकाउंट कायमचं बंद होऊ शकतं. अकाउंट बंद नाही झालं तरी मधल्या फेऱ्या तुम्ही केलेल्या नसतात, आणि विकत घेतलेल्या ७० लेव्हलवर माणूस फार दिवस खेळत नाही, हे मी माझ्या दोन मित्रांच्या बाबतीत बघितलंय. अकाउंटला दुहेरी पडताळणी लावा आणि पासवर्ड कुणाला देऊ नका, सख्ख्या भावालासुद्धा नाही.

त्याऐवजी एक जोडीदार शोधा. दोघांची लेव्हल सारखी असायची गरज नाही, वेळ सारखी असली की पुरे. रात्री नऊला नदीवर भेटायचं ठरलेलं असलं की माणूस येतो.

नववी पायरी : खंड पडला तर

पडणारच. परीक्षा येईल, आंब्याचा सीझन येईल, बोट दुरुस्तीला लागेल. २०२३ मध्ये खेळाडूंनी मतदान करून सेलिंग हे नवं स्किल निवडलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ते खेळात आलं. त्या दिवशी मी चार महिन्यांनी खेळ उघडला होता. होडीचं स्किल आलंय म्हटल्यावर कोकणातला माणूस बाहेर कसा राहील? पण उघडल्यावर काही आठवेना. बँकेत काय ठेवलंय, कुठली क्वेस्ट अर्धी आहे, काहीच नाही.

अशा वेळी नवं काही सुरू करू नका. जी जागा हाताला पाठ आहे तिथे जा, एक फेरी करा आणि बंद करा. दुसऱ्या दिवशी कागद काढा, पुढचे तीन आकडे परत लिहा. तिसऱ्या दिवसापासून गाडी रुळावर येते.

भाच्याला मी हे सगळं जूनमध्ये फोनवर थोडं थोडं करून सांगितलं. त्याने गेम परत घेतला. आधी क्वेस्ट केल्या, मग उरलेल्या तीन लेव्हल, मग नदी. गणपतीला चाकरमानी आले तेव्हा तोही आला. आरतीनंतर मागच्या दारी पायरीवर बसला होता, गेम बंद ठेवायचा माझा नियम त्याने मोडलाच. फिशिंग ४०. पिंजरा विकत घेतलेला. शेवंडं पकडायला फुकट खेळणारे करामजा बेटावर जातात आणि तिथली बोट पोर्ट सरीमच्या धक्क्यावरून सुटते.

"मामा, बोटीला ३० नाणी लागतात ना?"

"साठ घे," म्हटलं. "यायला पण तीस लागतात."